आन्स ब्लॉन्शवरचे भांडण

सुगी उरकली, मक्याची ताटे पिवळी पडली, तुरीच्या शेंगा घरात आल्या, की कॅरियाकू बेटावर शेळ्यामेंढ्यांच्या गळ्यातले दोर सुटतात. पावसाळ्याच्या तोंडावर बांधणीचा हुकूम निघेपर्यंत त्यांनी वाटेल तिथे हिंडावे आणि वाटेल त्याच्या रानात शिरावे. सोडणीच्या त्या दिवसांत दुसऱ्याचे जनावर बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या घराला बाहेरून कडी घालण्यासारखे. म्हणूनच त्या शनिवारी शेळी शोधत आन्स ब्लॉन्शच्या वाळूवर पाऊल ठेवताच डेल्फीनने जे पाहिले, त्यावर तिचा प्रथम विश्वासच बसेना.

तिच्या आत्याची, म्हणजे साऱ्या विंडवर्ड गावाच्या टँटी युफीची, गाभण शेळी डचेस समुद्रद्राक्षाच्या झुडपाला चक्क बांधलेली होती.

आन्स ब्लॉन्शला रस्ता नाही. डोंगराच्या कुशीतून काटेरी झुडपे चुकवीत उतरणारी शेळ्यांची पायवाट, नाहीतर समुद्र. ती जमीन कोणा एका पणजीच्या साऱ्या वंशजांची सामाईक. वंशज ब्रुकलिनपासून लंडनपर्यंत पांगलेले, आणि सर्वांचे एकमत होण्याची सुतराम शक्यता नसल्यामुळे तिथे आजवर एक खांबदेखील रोवला गेला नव्हता. अर्धचंद्राकार किनारा, पिठासारखी पांढरी वाळू, पाण्यात डोके खाली घालून झेपावणारे पेलिकन, बस. गावकरी आपापल्या कामात गर्क असत. तिथे मुद्दाम जाणारे कोणी नव्हते.

पण आज तिथे कोणीतरी होते. घोट्याभर पाण्यात उभा राहून एक उंच तरुण आपली करवत धूत होता.

"ही शेळी कोणी बांधली?" डेल्फीनने विचारले.

"मी." त्याने वळूनही पाहिले नाही. "आरोपी आहे. सोडली तर पळून जाईल."

"सोडणीच्या दिवसांत शेळी बांधत नाहीत. तुमच्या गावात शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं ना." आता तो वळला, आणि वळल्यावर जरा थबकला. "दुसऱ्याचं जेवण खाऊ नये, हे तुमच्या गावात शेळ्यांना शिकवत नाहीत?"

झुडपाखाली एक रिकामा डबा उपडा पडला होता. डचेस शांतपणे रुमालाचे टोक चघळीत होती. डेल्फीनने ओठ घट्ट मिटले. हसायचे नाही, असे तिने ठरवले होते.

"काय होतं डब्यात?"

"खारा मासा. पिठाचे तळलेले बेक. आणि..." त्याचा स्वर खरोखरीच व्याकूळ झाला. "आणि एक आंबा. शेवटी खायचा म्हणून ठेवलेला."

त्या आंब्याने घात केला. डेल्फीनला हसू आले, ते थांबेना. आणि तिला हसताना पाहून त्याच्या हातातली करवत पाण्यात निसटली.

त्याचे नाव कॉस्मस. समोरच्या पिटी मार्टिनीक बेटावरून अंकल झेफच्या हाताखाली गलबत बांधायला तो आला होता. अंकल झेफ हे विंडवर्डमधले सर्वांत जुने गलबत बांधणारे कारागीर. त्यांचे नवे गलबत किनाऱ्यावर टेकूंवर उभे होते, आणि त्याच्या बरगड्यांसाठी कॉस्मस डोंगरात पांढऱ्या सीडरच्या वाकड्या फांद्या शोधीत हिंडत असे. सरळ लाकूड कुठेही मिळते, तो म्हणाला. पण बरगडीचे लाकूड जन्मतःच वाकडे लागते. वाकवलेले लाकूड टिकत नाही.

"माणसंही अशीच निवडता का?"

"माणूस अजून निवडलं नाही," तो म्हणाला, "पण आज एक वाकड्यात शिरणारं भेटलंय."

डेल्फीनने दोर सोडला आणि मान ताठ करून पायवाटेला लागली. वळणावर तिने मागे पाहिले. डचेसला पाहण्यासाठीच म्हणा ना.

घरी आल्यावर तिने एक चूक केली. शेळी बांधली गेली होती, एवढेच तिने टँटी युफीला सांगितले. हसण्याचा भाग गाळला. टँटी युफीचे घर म्हणजे गावातल्या शिवणकामाचे घर. लग्नाचे झगे आणि गलबतांचे झेंडे तिथेच शिवले जात. हातातला झेंडा बाजूला ठेवून टँटी उठली. पलीकडच्या बेटावरच्या पोराने आपली गाभण शेळी सोडणीच्या दिवसांत बांधावी, ही गोष्ट तिने रविवारी चर्चच्या दारात अंकल झेफना अशा आवाजात ऐकवली, की आत मेणबत्त्या विझवणाऱ्या फादरनाही ती कळली. अंकल झेफनी नेहमीप्रमाणे टोपी काढून ऐकून घेतले. टँटीसमोर त्यांची टोपी डोक्यावर कधी कोणी पाहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत गावाचे दोन तट पडले होते, एक शेळीच्या बाजूचा आणि एक आंब्याच्या.

आणि पुढच्या शनिवारी खारा मासा, बेक आणि एक आंबा फडक्यात बांधून डेल्फीन गुपचूप आन्स ब्लॉन्शला उतरली. शेळीने खाल्लेले परत करणे हे चांगल्या घरचे लक्षण, असे तिने स्वतःला समजावले. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र असे काही समजावण्याची गरज पडली नाही.

गावात भांडण चालूच राहिले. किंबहुना त्या दोघांनीच ते निगुतीने वाढवले. पाणवठ्यावर तो दिसताच डेल्फीन मान फिरवी. तिच्या घरावरून जाताना तो शेळीसारखे ओरडून दाखवी, आणि टँटी खिडकीतून जे बोले ते ऐकून आळी हसे. विंडवर्डमध्ये सकाळी कोणी कोणाकडे पाहिले, तर दुपारपर्यंत त्यांचे लग्न ठरते आणि संध्याकाळी पोरांची नावे. गावाच्या तोंडी न लागलेले असे काहीतरी त्या दोघांना थोडे दिवस जपायचे होते. ते त्यांनी त्या ओसाड पांढऱ्या किनाऱ्यावर ठेवले होते.

"काल तू फारच जोरात दार आपटलंस," शनिवारी तो म्हणे. 'तुम्ही' केव्हाच मागे पडले होते.

"टँटी पाहत होती."

"टँटी नव्हती. मी पाहिलं ना."

"मग तुझ्यासाठी आपटलं," ती म्हणे, आणि आंब्याची कोय त्याच्या अंगावर भिरकावून पाण्यात धावे.

एकदा समुद्रावरून अचानक सर आली. किनाऱ्यावरचे एकमेव मोठे झाड मँचिनीलचे. त्याच्या पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड उठतात, म्हणून पावसात त्याच्याखाली कोणी उभे राहत नाही. उरले ते समुद्रद्राक्षाचे झुडूप. एका माणसापुरते आणि एका शेळीपुरते. डचेस आधीच आत बसली होती. उरलेल्या जागेत डेल्फीन आणि कॉस्मस खांद्याला खांदा लावून उभे राहिले. गोल, जाड पानांवर पाऊस ताशासारखा वाजत होता, ओल्या वाळूचा वास येत होता, आणि त्याच्या कोपरावरून ओघळणारा थेंब तिच्या मनगटावर पडत होता... दुसरा पडेपर्यंत ती श्वास रोखून धरी.

"डेल्फीन..." तो म्हणाला. "हे गलबत पाण्यात गेलं की..."

"की काय?"

तो काहीतरी बोलणार होता. तिने त्याच्याकडे पाहिले. नको होते पाहायला. त्याचे शब्द विरघळले. तेवढ्यात डचेस मोठ्याने शिंकली, सर ओसरली, आणि ते वाक्य तिथेच अर्धवट लोंबकळत राहिले.

पुढच्या रविवारी अंकल झेफ स्वच्छ सदरा घालून, टोपी हातात धरून टँटी युफीच्या ओसरीवर आले. गलबत तयार होते. येत्या शनिवारी ते पाण्यात सोडायचे होते. हे भांडण आपल्याला बघवत नाही, ते म्हणाले. चांगल्या घरची मुलगी आणि चांगला कारागीर एकाच गावात असे पाठ फिरवून राहतात, हे बरे नव्हे. म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. गलबताची धर्ममाय डेल्फीनने व्हावे, आणि धर्मबाप कॉस्मसने.

टँटी युफीला औदार्य दाखवण्याची संधी मिळाली, की ती सोडत नसे. तिथल्या तिथे तिने शब्द दिला. स्वयंपाकघरात तुरीचे दाणे सोलणाऱ्या डेल्फीनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

गलबताला बाळासारखेच धर्माचे आईबाप लागतात. आणि ज्या दोघांनी एकत्र उभे राहून त्यावर पाणी शिंपडले, ती दोघे त्या घटकेपासून एकमेकांची कोंपेर आणि माकोमेर. हे नाते सख्ख्या भावंडांहून घट्ट. भांडण तर मिटतेच, पण त्यांच्यात लग्न होत नाही. तसा विचारदेखील मनात आणणे हे पाप, आणि त्या पापाचे फळ गलबताला समुद्रात भोगावे लागते, असे विंडवर्डमधला प्रत्येक खलाशी मानतो.

डेल्फीनने तेव्हाच बाहेर येऊन बोलायला हवे होते. पण काय बोलणार? टँटीचा शब्द गेला होता. गलबताला नकार देणे म्हणजे त्याच्यावर पहिला डाग लावणे. आणि कॉस्मसने, खरे पाहता, तिला काय म्हटले होते? अर्धे वाक्य. एका शिंकेने तोडलेले.

दुसऱ्याच दिवशी ती आन्स ब्लॉन्शला गेली, शनिवार नसतानाही. तो तिथे नव्हता. गलबताचा दोरखंड आणायला पिटी मार्टिनीकला गेला होता आणि शनिवारी पहाटेच परतणार होता. जाण्यापूर्वी त्यालाही निरोप मिळाला असणार. त्याने काय उत्तर दिले असेल? नवख्या कारागिराला असा मान आयुष्यात एकदा मिळतो.

ती वाळूत बसली. ओहोटी होती. त्यांच्या मागच्या पावलांचा कुठे मागमूस नव्हता. तो किनारा कोणाचेच काही ठेवून घेत नसे. समोरच्या पाण्यापलीकडे त्याचे बेट निळसर दिसत होते. बराच वेळ तिने तिकडे पाहिले, आणि एक गोष्ट तिला लख्ख उमजली. तो आपला झाला नाही, तर ती सोसणार होती. पण त्याची बहीण होऊन जन्म काढणे तिला मान्य नव्हते.

शनिवारी सकाळी सारे विंडवर्ड किनाऱ्यावर लोटले. ढोल आणि व्हायोलिन वाजत होते. मोठमोठ्या पातेल्यांत तुरीच्या दाण्यांचा भात रटरटत होता. रमच्या बाटल्या हातोहात फिरत होत्या. गलबत टेकूंवर नव्या नवरीसारखे सजून उभे होते आणि त्याच्या डोलकाठीवर नावाचा झेंडा गुंडाळून ठेवला होता. ते नाव झेंडा उलगडेपर्यंत फक्त अंकल झेफना आणि तो शिवणाऱ्या टँटीला माहीत. डेल्फीनच्या अंगावर टँटीने शिवलेला पांढरा झगा होता. त्याचा एकेक टाका तिला टोचत होता.

कॉस्मस गलबताच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाशी, कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता. त्याने वर पाहिले नाही.

डेल्फीन सरळ अंकल झेफसमोर जाऊन उभी राहिली. टँटी मागोमाग आली, कारण झग्याची मागची गाठ सैल वाटत होती.

"अंकल झेफ," ती म्हणाली, "मी या गलबताची धर्ममाय होणार नाही."

जवळच्यांनी ऐकले. ढोल वाजवणाऱ्याचा हात मंदावला. अंकल झेफनी टोपी काढली, डोके खाजवले.

"आज सकाळपासून तू दुसरी, पोरी."

"म्हणजे?"

"पहाटे होडीतून उतरला आणि ओल्या पायांनीच माझ्या दारात आला." त्यांनी नाळेकडे मान उडवली. "म्हणतो, धर्मबाप होणार नाही. मी कारण विचारलं. म्हणाला, कारण अर्धंच माझ्या मालकीचं आहे. उरलेलं जिचं आहे तिला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही."

डेल्फीनच्या छातीत काहीतरी पेलिकनसारखे उंच उडाले आणि सरळ खाली झेपावले.

टँटी युफीने झग्याची गाठ सोडून दिली. "कारण मला कळेल का?" तिचा आवाज फार शांत होता, आणि गाव त्याच आवाजाला जास्त भीत असे.

"टँटी... आमचं भांडण केव्हाच मिटलंय. पहिल्या आठवड्यातच."

"असं." टँटीने क्षणभर विचार केला. "म्हणून माझा खारा मासा दर शनिवारी कमी होत होता. मी बिचाऱ्या मांजराला मारलं."

कोणीतरी हसले, टँटीने नुसते पाहताच ते हसू विझले. तोवर कॉस्मस कुऱ्हाड खाली ठेवून आला होता. त्याची विजार गुडघ्यांपर्यंत अजून ओली होती.

"मला हिचा कोंपेर व्हायचं नाही, टँटी," तो म्हणाला.

"मग कोण व्हायचंय? मोठ्यानं सांग. माझी शेळी बांधताना नाही लाजलास."

त्याने डेल्फीनकडे पाहिले. आज शिंकायला डचेस जवळ नव्हती.

"गलबत पाण्यात गेलं की हिला विचारणार होतो. तेवढं वाक्य राहिलं होतं. मला हिच्या शेजारी म्हातारं व्हायचंय. बाकी ती म्हणेल ते."

डेल्फीनला वाटले, हे ऐकायला गाव नको होते, आन्स ब्लॉन्श हवे होते. आणि लगेच वाटले, नाही, हे इथेच हवे होते.

"टँटी," ती एवढेच म्हणाली, "माझा झगा वाया जाणार नाही."

टँटी युफीने दोघांना नखशिखांत न्याहाळले. त्यांच्या चुकीचे वजन करायला तिला वेळ लागला. "लपवलंत, त्याबद्दल नंतर बघते," ती म्हणाली. "पण गलबतासमोर खोटं उभं राहिला नाहीत. तेवढं बरं केलंत." मग ती अंकल झेफकडे वळली. "आता माणसं जेवायला खोळंबलीत. धर्ममाय कोण?"

अंकल झेफचा चेहरा उजळला. "तुम्हीच व्हा की, टँटी युफी. तुमच्याइतकं मोठं माणूस गावात कोण आहे? धर्मबाप मीच उभा राहतो."

सर्वांनी माना डोलावल्या. तोड उत्तम होती. परंतु टँटीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, जो मुळीच विस्कटलेला नव्हता, आणि समुद्राकडे पाहू लागली.

"दुसऱ्या कोणाबरोबरही उभी राहीन," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर नको."

"का? माझ्यात काय..."

आणि मग अंकल झेफ थांबले. त्यांच्या हातातली टोपी वाळूत पडली. एवढ्या वर्षांत त्या ओसरीवर त्यांनी किती वेळा ती टोपी हातात धरून उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या आणि त्या कशासाठी, हे सबंध विंडवर्डला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त त्यांना, असे आता दिसले. टँटी युफीचे कान लाल झाले होते. डेल्फीनने आयुष्यात प्रथमच ते लाल झालेले पाहिले, आणि तिने पटकन नजर दुसरीकडे वळवली, कारण तेवढा मान टँटीला द्यायलाच हवा होता.

शेवटी म्हातारे कॅप्टन सिमियन आणि त्यांची बायको अल्मा यांना पुढे काढण्यात आले. लग्न होऊन जुने झालेले जोडपे, त्यांचे आता काय बिघडणार? कॅप्टन म्हणाले की हे गलबत त्यांच्या तरुणपणी बांधायला हवे होते, आणि अल्माचे कोपर त्यांच्या बरगडीत बसले. फादरांनी प्रार्थना म्हटली, पाणी आणि रम शिंपडली गेली, तांदूळ उधळले गेले, डोलकाठीवरचा झेंडा उलगडला. भांडण मिटावे म्हणून अंकल झेफनी गलबताचे नाव ठेवले होते 'समेट'. ते वाचून किनाऱ्यावर जो हशा उसळला, त्यात कुऱ्हाडीचा पहिला घाव कोणाला ऐकूदेखील आला नाही. टेकू एकामागून एक तुटले, गलबत कुशीवर कलले, सारे गाव गात गात दोर ओढू लागले, आणि 'समेट' पाण्यात शिरले. शिरले तशी डेल्फीनने दोर सोडून पाहिले, तर तिच्या मागे तोच दोर धरून कॉस्मस उभा होता.

दुपारी शीड चढवून गलबत डेल्फीन आणि कॉस्मससह पहिल्या फेरीला निघाले. निघताना टँटी युफीने धक्क्यावरून एक दोर डेल्फीनच्या अंगावर फेकला. बांधणीचा हुकूम निघाला होता. आन्स ब्लॉन्शवरून येताना डचेसला घेऊन यायचे होते. अंकल झेफ टँटीच्या शेजारीच उभे होते. या खेपेला त्यांनी टोपी डोक्यावर घातली होती, आणि टँटीने काही म्हटले नव्हते.

गलबत भूशिराला वळसा घालून त्या शुभ्र किनाऱ्यासमोर थांबले. दोघे कमरेएवढ्या पाण्यात उतरून वाळूवर आली. दक्षिणेला ढग जमत होते. समुद्रद्राक्षाखाली डचेस पसरून बसली होती, आणि तिच्या पोटाशी दोन ओलसर, लटपटणारी करडे.

"हिनं इथंच उरकलं," कॉस्मस हळूच म्हणाला.

"तिला जागा कळते."

तो गुडघ्यांवर बसला. डेल्फीनच्या हातातला दोर त्याने घेतला, पण बांधला नाही; वर पाहिले.

"आता बांधली तर चालेल ना? की पुन्हा चर्चच्या दारात माझी पूजा?"

"आता बांधायचेच दिवस आहेत," ती म्हणाली, आणि दोराचे दुसरे टोक तिने आपल्या हातात घेतले.

गलबतावरची माणसे हाका मारू लागली होती. दोघांनी एकेक करडू छातीशी धरले. डचेस आपल्या नावाला शोभेल अशा चालीने पुढे निघाली, आणि तिला कोणी ओढण्याची काहीएक गरज नसतानाही तो एकच दोर दोघांनी मिळून धरला. मागे वाळूवर पावलांच्या दोन ओळी राहिल्या आणि मध्ये खुरांची एक. भरती त्या पुसणार होती. डेल्फीनने या वेळी मागे वळून पाहिले नाही.